रोजकीर्दीच्या पानाचा वाद

ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यातून जन्मलेल्या बिटकॉइन या चलनाला पेढी नाही, मुनीम नाही. जगभर विखुरलेली हजारो यंत्रे एकाच रोजकीर्दीची प्रत आपापल्यापाशी बाळगतात आणि सरासरी दर दहा मिनिटांनी तिला नवे पान जोडले जाते. २०१० साली नाकामोतोनेच या पानाला १ मेगाबाइटची मर्यादा घातली. कोणी खोडसाळपणे निरर्थक नोंदींनी वही फुगवू नये, एवढाच हेतू असावा. तेव्हा पाने बरीचशी कोरीच राहत. मर्यादेची आठवण कोणाला व्हावी?

पुढे गिऱ्हाईक वाढले. अशा पानात सेकंदाला फार तर सात व्यवहार बसतात. व्हिसाची कार्डव्यवस्था हजारो उरकते. २०१५ साली गॅव्हिन अँड्रेसन आणि माइक हर्न यांनी पान ८ मेगाबाइटचे करावे व दर दोन वर्षांनी ते दुप्पट करावे, असे सुचवले. विरोधक म्हणाले, एवढी अवजड वही घरच्या साध्या यंत्रावर कशी राहणार? मोजके धनाढ्य तेवढे वहीवाले उरतील आणि पुन्हा पेढीच उभी राहील. दुसऱ्या पक्षाचा प्रश्नही खोटा नव्हता: चहाचे पैसे ज्याने देता येत नाहीत, ते नाणे लोकांचे कसे? दोघांचेही खरे होते, म्हणूनच तडजोड होईना. जानेवारी २०१६ मध्ये हर्न यांनी प्रयोग फसल्याचे जाहीर करून काढता पाय घेतला.

१ ऑगस्ट २०१७ रोजी घर फुटले. मोठ्या पानाचे कैवारी ‘बिटकॉइन कॅश’ या नावाने वेगळे झाले. तोवरची शिल्लक ज्याची त्याला दोन्ही वह्यांत मिळाली. भाऊबंदकीत असे क्वचितच घडते! त्याच महिन्यात मूळ वहीत ‘सेगविट’ सुधारणा आली. सह्यांचा मजकूर निराळा ठेवून त्याचे वजन कमी धरल्याने जुना नियम न मोडता पानात अधिक नोंदी बसू लागल्या. तरीही डिसेंबरात एका व्यवहाराचे सरासरी शुल्क ५० डॉलरांच्या घरात गेले.

२०१८ पासून ‘लाइटनिंग’ची वाट खुली झाली. दोघांनी रक्कम अडकवून ठेवावी, देणीघेणी आपसात मांडावी, वहीत फक्त आरंभीची आणि अखेरची नोंद करावी. हुंडीवर वाढलेल्या आपल्या सावकारांना यात फारसे नवल वाटले नसते. मात्र हुंडी पेढीच्या नावावर चाले. येथे नावाला किंमत नाही, रक्कम आधीच कुलुपात असते. आणि ते कुलूप घालायचे तर मूळ वहीत एक नोंद करावीच लागते. तेथे जागेची टंचाई आहेच.