‘फाइल चालत नाही’: एका छायाचित्राच्या दोन लिप्या (धागा)

मे २०२०. करोनाच्या टाळेबंदीमुळे अमेरिकेतील शाळकरी मुले ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा घरूनच देत होती. या परीक्षेतील गुणांवर पुढे महाविद्यालयात श्रेयांक मिळू शकतात; म्हणजे वेळ आणि शुल्क दोन्ही वाचतात. उत्तरे कागदावर लिहायची, फोनने त्यांचे छायाचित्र काढायचे आणि शेवटच्या पाच मिनिटांत ते संकेतस्थळावर चढवायचे, अशी एक सोय होती. कित्येकांच्या पडद्यावर चक्र फिरत राहिले आणि वेळ संपली. उत्तर लिहिलेले होते, छायाचित्र स्वच्छ होते. पण आयफोनने ते ‘एचईआयसी’ या फॉरमॅटमध्ये साठवले होते आणि परीक्षेच्या संकेतस्थळाला जेपीईजी व पीएनजी एवढेच ओळखीचे होते. अशा मुलांना जूनमध्ये पुन्हा परीक्षेला बसण्यास सांगण्यात आले. पुढच्या आठवड्यापासून अडलेले उत्तर ई-मेलने पाठवण्याची वाट उघडली. आधी अडकलेल्यांना तिचा उपयोग नव्हता.

आजच्या धाग्यात किल्ले नाहीत, सनदा नाहीत, ताम्रपटही नाहीत. पण नोकरभरतीचा किंवा प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरताना ‘फक्त जेपीजी चालेल’ ही ओळ आपण सर्वांनी वाचलेली आहे. ती ओळ कोठून आली, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा परवान्यांच्या कागदपत्रांत अधिक सापडते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अशा वेळी अनेक जण फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलतात: एचईआयसी खोडून तेथे जेपीजी लिहितात. दफ्तरखान्यातल्या मोडी कागदांच्या रुमालावर देवनागरीत चिठ्ठी चिकटवली, म्हणून आतला कागद देवनागरी होत नाही. चिठ्ठी वाचून रुमाल सोडणाऱ्याला मोडी येत नसेल, तर तो तेथेच थांबणार. संगणकाचेही तसेच. जेपीईजी फाइलचे पहिले दोन बाइट षोडशमान पद्धतीत ‘एफएफ डी८’ असे असतात. एचईआयसी फाइलच्या आरंभी बहुधा ‘एफटीवायपी’ आणि त्यामागोमाग ‘एचईआयसी’ ही अक्षरे कोरलेली असतात. नाव काहीही ठेवा, ही आतली मोहोर बदलत नाही. बदलायचे असेल तर खरेखुरे लिप्यंतर करावे लागते.

आता मूळ लिपीकडे वळू.

नसीर अहमद यांचा जन्म १९४०चा, बेंगळुरूचा. तेथेच अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले, न्यू मेक्सिको विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात ते शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एक प्रस्ताव पाठवला. कल्पना अशी की, चित्रातील प्रकाशाचे चढउतार कोसाइन लहरींच्या बेरजेत मांडता येतील आणि मग त्यांतील बहुतेक लहरी वगळल्या तरी चित्र फारसे बिघडणार नाही. प्रस्ताव नामंजूर झाला. कल्पना फारच साधी आहे, असा परीक्षकांचा सूर होता, असे अहमद यांनीच पुढे १९९१ साली लिहून ठेवले आहे. अनुदान नाही म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतले वेतनही नाही. तरीही १९७३च्या उन्हाळ्यात त्यांनी ते काम पुढे नेले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४मध्ये प्रसिद्ध झाला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, संक्षेपाने डीसीटी, हे नाव तेथे जगापुढे आले. पाने अवघी चार.

या ‘साध्या’ कल्पनेचे सामर्थ्य एका हिशेबातून कळेल. बारा मेगापिक्सेलचे छायाचित्र म्हणजे सुमारे १ कोटी २२ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला, तर एक छायाचित्र ३६ एमबींहून मोठे होते. जेपीईजी ते तीन-चार एमबींवर आणते. कसे? चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातील ६४ आकड्यांचे डीसीटीने ६४ लहरींत रूपांतर करायचे. मानवी डोळा मोठे, संथ चढउतार नेमके टिपतो, पण अगदी बारीक थरथर त्याला धड दिसत नाही. म्हणून बारीक लहरींचे आकडे ढोबळ करायचे. त्यांतील बहुतेक शून्य होतात, आणि शून्यांची रांग लिहायला जागा कितीशी लागणार? येथे माहिती कायमची टाकून दिली जाते, हे ध्यानात असू द्या. पुढे रूपांतराच्या वेळी ते कामास येईल.

१९८६ साली ‘जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप’ हा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट स्थापन झाला. त्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच जेपीईजी. त्यांच्यापुढची अडचण आज ऐकताना गंमत वाटते. त्यांची चाचणीची चित्रे ७२० बाय ५७६ ठिपक्यांची होती आणि नजरेसमोर होती सेकंदाला ६४ हजार बिट वाहणारी आयएसडीएन दूरध्वनी वाहिनी. ठिपक्याला १६ बिट धरले, तर असे एक चित्र न आकसता पाठवायला पावणेदोन मिनिटे लागली असती. निरनिराळ्या देशांतून आलेल्या पद्धतींची चाळणी झाली आणि कोणती पद्धत कोणाची हे न सांगता परीक्षकांना चित्रे दाखवण्यात आली. जानेवारी १९८८मध्ये निकाल लागला: डीसीटीवर आधारलेली पद्धत सरस ठरली. सप्टेंबर १९९२मध्ये मानकावर शिक्कामोर्तब झाले.

या मानकाच्या पोटात एक बारीकसा निर्णय दडलेला आहे, आणि माझ्या मते सगळ्या कथेची किल्ली तोच. डीसीटीनंतर उरलेले आकडे दाबून लिहिण्याच्या दोन रीती समितीपुढे होत्या. ‘अंकगणितीय संकेतन’ या रीतीने फाइल आणखी लहान झाली असती. पण तिच्यावर आयबीएम, एटी अँड टी आणि मित्सुबिशी यांची पेटंट होती. दुसरी ‘हफमन संकेतन’ ही १९५२ सालची, कोणाच्याही मालकीची नसलेली रीत. पायाभूत जेपीईजीमध्ये समितीने हफमनला स्थान दिले आणि अंकगणितीय रीत ऐच्छिक ठेवली. ती व्यवहारात जवळजवळ कोणी वापरलीच नाही. फाइल थोडी मोठी झाली तरी चालेल, पण ती वाचायला कोणाची परवानगी लागू नये, असा तो सौदा होता.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९९१मध्ये, ‘इंडिपेंडंट जेपीईजी ग्रुप’ या स्वयंसेवकांच्या गटाने टॉम लेन यांच्या पुढाकाराने जेपीईजी वाचण्या-लिहिण्याची संगणकसंहिता कोणालाही फुकट वापरता येईल अशी प्रसिद्ध केली. पुढे वेब आले तेव्हा ब्राउझर घडवणाऱ्यांना ही संहिता आयती मिळाली. मानक विकत घेऊन वाचणारे थोडे आणि ही संहिता आपल्या प्रणालीत घालणारे असंख्य.

परवानगीचा प्रश्न काल्पनिक नव्हता, हे लवकरच दिसून आले. कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने १९८७ साली जीआयएफ हा चित्रांचा फॉरमॅट आणला होता. त्यात वापरलेल्या ‘एलझेडडब्ल्यू’ पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट आहे, ही गोष्ट १९९४च्या अखेरीस चव्हाट्यावर आली. जीआयएफ हाताळणारी सॉफ्टवेअरे बनवणाऱ्यांनी आता परवाना घ्यावा, असे सांगण्यात आले. प्रोग्रामरांचा संताप झाला. जानेवारी १९९५च्या पहिल्याच आठवड्यात थॉमस बुटेल यांनी पर्यायी फॉरमॅटचा आराखडा मांडला आणि पुढच्या वर्षी पीएनजी तयार झाला. जीआयएफ जाळून टाका, अशी हाक देणारा एक दिवसही ५ नोव्हेंबर १९९९ रोजी पाळला गेला. अमेरिकेतील ते पेटंट २००३ साली संपले. आज शुभप्रभातचे हलते गुलाब पाठवणाऱ्या काका-मावशींना या संग्रामाचा पत्ता नाही, हे एका अर्थी बरेच म्हणायचे.

खुद्द जेपीईजीलाही सुटका नव्हती. २००२ साली फोर्जंट या कंपनीने एक जुने पेटंट पुढे करून जेपीईजीवर हक्क सांगितला. सुमारे १० कोटी डॉलर तिने परवान्यांपोटी गोळा केले आणि २००४मध्ये तीसहून अधिक कंपन्यांना न्यायालयात खेचले. २००६मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने त्या पेटंटमधील महत्त्वाचे दावे फेटाळले. पेटंटची मुदतही त्याच वर्षी संपली आणि कंपनीने तडजोड केली. 

आता एचईआयसीकडे येऊ. २०१३ साली चलच्चित्रांसाठी एचईव्हीसी हे नवे मानक मंजूर झाले. चलच्चित्रातील एक चौकट म्हणजे अखेर एक स्थिर चित्रच. तेव्हा तीच पद्धत छायाचित्रांसाठी वापरावी, या विचारातून २०१५मध्ये ‘एचईआयएफ’ ही पेटी साकारली. पेटी म्हणण्याचे कारण असे की, तिच्यात एकाहून अधिक चित्रे, खोलीचा नकाशा आणि इतर माहिती एकत्र ठेवता येते. या पेटीत एचईव्हीसीने आकसलेले चित्र ठेवले की झाली एचईआयसी फाइल. सप्टेंबर २०१७मध्ये आलेल्या आयओएस ११पासून आयफोन ७ आणि त्यापुढच्या फोनांवर छायाचित्रे मुळातच या रूपात साठू लागली. फायदा उघड होता: तितक्याच प्रतीचे छायाचित्र साधारण निम्म्या जागेत.

गणिताच्या दृष्टीने या दोन लिप्या परक्या नाहीत. जेपीईजीचे चौकोन आठ बाय आठचे. एचईव्हीसी लहानमोठे चौकोन पाडते, शेजारच्या ठिपक्यांवरून चौकोनाचा अंदाज बांधते आणि अंदाज चुकला तेवढाच फरक लिहून ठेवते. पण तो फरक ज्या लहरींत लिहिला जातो, त्या मुख्यतः नसीर अहमद यांच्या डीसीटीच्याच पूर्णांकी आवृत्त्या आहेत. परीक्षेत अडलेले छायाचित्र आणि संकेतस्थळाला हवे असलेले छायाचित्र, दोहोंच्या मुळाशी त्याच नाकारलेल्या प्रस्तावातील कल्पना होती.

मग अडले कोठे? पुन्हा परवान्यांत. एचईव्हीसीची पेटंट असंख्य कंपन्यांकडे विखुरलेली. ती एकत्र करून परवाने देणारा पहिला समूह २०१४मध्ये उभा राहिला, दुसरा २०१५मध्ये, तिसरा २०१७मध्ये. काही पेटंटधारक तर यांपैकी कोठेच सामील नव्हते. एकाच गावात तीन नाकी आणि प्रत्येकाची जकात निराळी! विंडोज १०मध्ये एचईआयसी उघडण्यासाठी लागणारा एचईव्हीसीचा जोड मायक्रोसॉफ्टच्या दुकानात ९९ सेंटना विकला जाई. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी एचईआयसीला जागा दिली नाही. अँड्रॉइडने २०१८मध्ये दार उघडले, पण सरकारी, शैक्षणिक आणि कार्यालयीन संकेतस्थळे १९९२च्या लिपीवरच निश्चिंत राहिली. त्यांना दोष द्यावा असे मला फारसे वाटत नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी मात्र मुलांच्या खिशात कोणता फोन आहे, याचा विचार आधी करायला हवा होता.

या जकातीला कंटाळून गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन आदींनी २०१५मध्ये ‘अलायन्स फॉर ओपन मीडिया’ स्थापन केली. तिच्या एव्ही१ पद्धतीतून २०१९मध्ये एव्हीआयएफ हा विनाशुल्क फॉरमॅट आला. एचईआयसी बाजारात आणून चार महिने होतात न होतात तोच, जानेवारी २०१८मध्ये, अ‍ॅपलचे नावही या संघटनेच्या सदस्यांत झळकले! एव्हीआयएफची पेटी मात्र तीच, एचईआयएफची. आत ठेवलेले चित्र तेवढे वेगळे.

राहिला प्रत्यक्ष लिप्यंतराचा प्रश्न. फोन जेव्हा एचईआयसीचे जेपीईजी करतो, तेव्हा तो आधी चित्र पूर्ण उलगडतो, ठिपकान् ठिपका मांडतो आणि मग नव्याने आठ बाय आठचे चौकोन पाडून आकसतो. एकदा एचईव्हीसीने काही टाकले होते. आता जेपीईजी आणखी काही टाकते. एका रूपांतराने डोळ्यांना फरक जाणवत नाही. पण तेच जेपीईजी पुन्हा कापून, पुन्हा साठवून, संदेशातून पाठवून परत उतरवून घेतले की, नकलेवरून नक्कल उतरवलेल्या बखरीसारखी त्याची गत होते. शिवाय एचईआयसीच्या पेटीतील खोलीचा नकाशा किंवा उजेडाची जादा माहिती या प्रवासात गळून पडू शकते. म्हणून मूळ एचईआयसी जपून ठेवावी आणि अर्जासाठी लागेल ती वेगळी प्रत काढावी.

ती काढणे अवघड नाही. आयफोनमध्ये छायाचित्र ‘फाइल्स’मध्ये जतन करावे, त्यावर बोट दाबून धरावे आणि ‘क्विक अ‍ॅक्शन्स’मधील ‘कन्व्हर्ट इमेज’ निवडावे. जेपीईजीचा पर्याय समोर येतो. आयओएस १६पासून ही सोय आहे, आणि छायाचित्र कोणत्याही अनोळखी संकेतस्थळाच्या हवाली करावे लागत नाही. ओळखपत्रांची छायाचित्रे फुकट रूपांतर करून देणाऱ्या संकेतस्थळांवर चढवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. अर्ज भरण्याच्या दिवसांत तर सेटिंग्जमधील ‘कॅमेरा’, त्यातील ‘फॉरमॅट्स’ येथे जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की नवी छायाचित्रे थेट जेपीईजीमध्येच निघतात. जुनी मात्र होती तशीच राहतात. मे २०२०मध्ये परीक्षेच्या आयोजकांनी हा बदल सुचवला होता. तो ट्विटरवर, आणि तो तेथे शोधत बसलेली मुले फार थोडी होती.