रांगेत थांबणारे परीक्षक

समजा, एस.टी. स्थानकावरील आरक्षणाच्या खिडकीची परीक्षा घ्यायची आहे. आपण दहा माणसे नेमली. तिकीट मिळाले की प्रत्येकाने पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहायचे. कारकून कितीही मंद असला तरी रांग दहांच्या पुढे कधीच जाणार नाही! दिवाळीची गर्दी मात्र आधीच्यांची तिकिटे निघेपर्यंत घरी थांबत नाही.

वेब सर्व्हरच्या सुरुवातीच्या भारचाचण्यांत नेमका हाच दोष होता. सिलिकॉन ग्राफिक्सचा वेबस्टोन किंवा १९९६ चा स्पेकवेब यांत ठरावीक संख्येचे 'ग्राहक' प्रोग्रॅम पान मागत, ते मिळेपर्यंत थांबत आणि मगच पुढचे मागत.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील गौरव बंगा आणि पीटर ड्रुशेल यांनी १९९७ मध्ये यातील मेख दाखवली. सर्व्हरपाशी नव्या जोडण्यांसाठी मर्यादित रांग असते. ती भरली की येणारी विनंती सरळ टाकून दिली जाते. उत्तर न मिळालेला ग्राहक काही सेकंद गप्प बसतो, पुन्हा विचारतो, तरीही उत्तर नसेल तर आणखी जास्त वेळ थांबतो. म्हणजे सर्व्हर थकला की परीक्षकही सौम्य होतो! मागणी क्षमतेच्या फारशी पुढे जातच नाही.

या दोघांनी ग्राहकाचे काम दोन प्रक्रियांत विभागले. पहिली ठरलेल्या वेगाने जोडण्या मागत राहते. वेळेत दाद लागली नाही तर ती जोडणी सोडून नवी मागते. जुळलेली जोडणी दुसरी सांभाळते. आता क्षमतेपलीकडचे चित्र दिसले. मागणी वाढली तशी पूर्ण होणारी कामे चक्क घटत गेली, कारण शेवटी फेकूनच द्यायच्या विनंत्या हाताळण्यातही प्रोसेसरचा वेळ खर्ची पडत होता. 'आज तिकिटे संपली' हे सांगण्यातच कारकुनाचा दिवस जावा, तसे.

१९९८ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या मॉसबर्गर आणि जिन यांनी ठरलेल्या वेगाने मागणी करणारे 'एचटीटीपर्फ' हे साधन मांडले. खरे तर कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग यांनी १९०९ मध्येच, फोन एकमेकांची वाट न पाहता येतात हे गृहीत धरून गणित मांडले होते. संगणकवाल्यांना ते इतक्या उशिरा आठवावे, याचे आम्हांला नवल वाटते.

अर्थात आम्हीही शहाणे नव्हतो. आमच्या संस्थेचे प्रवेशअर्जांचे संकेतस्थळ पन्नास ग्राहकांच्या चाचणीत उत्तीर्ण झाले आणि शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी कोसळले. नंतर ठरावीक वेगाची चाचणी घेतली, तेव्हा घसरण कोठे सुरू होते ते दहा मिनिटांत कळले. तोवर मुलांसाठी मुदत दोन दिवस वाढवावी लागली होती.