रणांगणी पडलेल्या पूर्वजांचा शोध

जुन्या घराण्याची वंशावळ उलगडली असता एखाद्या नावापुढे ‘पलटणीत होते, लढाईत कामी आले’ एवढेच शब्द पुष्कळदा आढळतात. पलटण कोणती, लढाई कोठली, देह कोठे विसावला, याचा त्यात उल्लेख नसतो. वतनाचे व दत्तकाचे कागद आपण ज्या दक्षतेने जपतो, तिचा अल्पांशही या पुरुषांच्या वाट्यास येऊ नये, ही खेदाची गोष्ट होय. अशा त्रोटक नोंदीचा माग कसा लावावा, हे एका सुविख्यात वीराच्या उदाहरणाने ज्ञातिबांधवांसमोर ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

नाईक यशवंत घाडगे हे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले, पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला व त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. आता मागे कोणी उरले नाही, हे जाणूनच ते एकटे मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी तोफ व तोफची निकामी केले, एकास गोळी घातली, आणि गोळ्या भरण्यास अवसर नाही असे पाहून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांस लोळविले. तोच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण ठेवला. वय अवघे २२ वर्षांचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी ज्ञात नाही. कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावी त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतील मोंतोने गावानेही त्यांचे स्मारक उभारले.

आता हीच पलटण मागे शोधीत जाऊ. १९२२ च्या पुनर्रचनेपूर्वी तिचे नाव ‘११० वी मराठा लाइट इन्फंट्री’ असे होते. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात १०३ व्या व ११७ व्या मराठा पलटणींसह तीही अडकली होती. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने जर्जर झालेली ती सेना तुर्कांस शरण गेली व पुढे बंदिवासात असंख्य शिपाई दगावले. पुढे जावे तर १९५२ साली हीच पलटण पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली व तिची दुसरी पलटण झाली. तात्पर्य, पूर्वजाच्या पलटणीचा आकडा आजच्या मराठा रेजिमेंटच्या यादीत ताडून पाहणारा वाट चुकण्याचाच संभव अधिक.

मेसोपोटेमियात पडलेल्यांची कथा अधिक करुण आहे. बसरा येथील स्मारक ४०,००० हून अधिक मृतांचे. परंतु त्यावर हिंदी सैन्यातील अंमलदारांचीच नावे कोरली गेली, सामान्य शिपायांची पलटणवार केवळ संख्या दिली गेली. ज्याने प्राण दिला, तो दगडावर एक आकडा होऊन राहिला! युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव स्वतःच मान्य केला. त्या अहवालानुसार निदान १,१६,००० मृतांचे नावानिशी, वा मुळीच, स्मरण झालेले नाही. त्यांत बहुसंख्य पूर्व आफ्रिकेचे व इजिप्तचे होते.

म्हणून आमचे सांगणे असे. घरात पहिल्या महायुद्धाचे पदक असेल तर ते घासूनपुसून उजळण्याआधी त्याची कड वाचावी. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण तेथेच कोरलेली असतात. मृताच्या वारसांस मिळालेली काशाची वाटोळी थाळी असल्यास तिच्यावर हुद्द्याविना नुसते नाव असते; ती मोडीत घालू नये. त्यानंतर आयोगाच्या सूचीत शोध घ्यावा. तेथे पुष्कळदा पित्याचे वा पत्नीचे नाव, गाव व तालुका दिलेला असतो. रोमन लिपीत आडनावांची रूपे ओळखू न येण्याइतकी पालटलेली असतात, यास्तव आडनावापेक्षा गावावरून शोधणे श्रेयस्कर. जिल्ह्याचे नावही त्या काळचे धरावे; रायगड हा १९८१ पर्यंत कुलाबाच होता. गावच्या चावडीत वा देवळाजवळ महायुद्धास गेलेल्यांची संख्या सांगणारी शिळा असेल तर तीही पाहावी. बेळगावचे मराठा रेजिमेंटचे केंद्र व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय येथेही विचारणा करावी.

घाडगे यांच्या पराक्रमास साक्षीदार लाभले, पदक लाभले, म्हणून त्यांचे नाव राहिले. त्यांच्याच तुकडीत त्या दिवशी जे पडले, त्यांचे स्मरण त्यांच्या घरच्यांवाचून कोण करणार? ज्या घरी अशी एक ओळ असेल, त्या घराने ती पुरी करावी. पलटण, क्रमांक, रणभूमी व मृत्युतिथी यांसह पुरुषाचे नाव वंशावळीत लिहिले गेले, म्हणजे दगडावरचा तो आकडा पुन्हा कोणाचा तरी पुत्र, कोणाचा तरी बंधू होईल.