तापता कोबा : फरशी बसवण्यापूर्वीची तयारी

ज्या कोब्याच्या पोटात गरम पाण्याच्या नळ्या असतात आणि जो खोली उबदार ठेवण्याचे काम करतो, तो कोबा सिरॅमिक किंवा दगडी फरशी घेण्यालायक करण्याची कामे या नोंदीत येतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, ब्रिटन अशा थंड देशांतल्या नव्या घरांत हे नेहमीचे काम आहे. तिथल्या यंत्रणेचा आधार ईएन 1264 हे युरोपीय मानक असून कोब्यासाठी जर्मनीत डीआयएन 18560, तर फरशीसाठी ब्रिटनमध्ये बीएस 5385 पाहतात.

रचना : खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यावर उष्णतारोधक पत्रे, त्यावर पॉलिथिनचा कागद, मग नळ्या आणि शेवटी कोबा. घरगुती वापरासाठी जर्मन पद्धतीत नळीच्या माथ्यावर सिमेंटच्या कोब्याची जाडी साधारण 45 मिमी तरी ठेवतात. हा कोबा स्लॅबला चिकटलेला नसतो, आणि भिंतीलाही नसतो : कडेने मऊ पट्टी लावून त्याला किमान 5 मिमी सरकायला जागा सोडलेली असते. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या मोकळेपणातून येतात. तापल्यावर सिमेंटचा कोबा दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.012 मिमी वाढतो. 8 मीटर लांबीचा कोबा 20 अंशांनी तापला, तर तो जवळजवळ 2 मिमी लांब होतो. सिरॅमिक फरशी मात्र त्याहून बरीच कमी वाढते, आणि हा फरक दोघांमधल्या काही मिलिमीटरच्या थराला सोसावा लागतो.

महाराष्ट्रातल्या गवंड्याला ही पद्धत उलटी वाटेल. आपल्याकडे कोब्यावर दिवसचे दिवस पाणी मारतात आणि फरशी ओल्या मालावर सिमेंटची रबडी ओतून बसवतात. तापत्या कोब्याचेही सुरुवातीचे दिवस झाकून ठेवण्यातच जातात, पण त्यानंतर सारी धडपड पाणी बाहेर काढण्याची असते.

पहिले तापवणे : कोबा मुरल्यावर, पण फरशी बसण्याच्या आधी, यंत्रणा एकदा पूर्ण ताकदीने चालवून पाहतात. सिमेंटच्या कोब्यासाठी ही वेळ किमान 21 दिवसांनी येते, जिप्सम जातीच्या ओतीव कोब्यासाठी किमान 7 दिवसांनी, तीही उत्पादकाच्या सूचनेनुसार. नळीतले पाणी आधी 20 ते 25 अंशांवर किमान 3 दिवस ठेवायचे, मग आराखड्यातल्या कमाल तापमानावर किमान 4 दिवस. नळ्यांभोवतीचा कोबा 55 अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. कोब्याला तडे जायचेच असतील, तर ते फरशीखाली दडून नंतर वर येण्यापेक्षा आताच दिसावेत, हा यामागचा हिशेब. यंत्रणा बसवणारा या तापवण्याची तारीखवार नोंद ठेवतो.

इथे नेहमीचा गैरसमज होतो. आठवडाभर तापवले म्हणजे कोबा वाळला, असे घरमालकाला वाटते आणि पुष्कळदा ठेकेदारालाही. ही फक्त यंत्रणेची चाचणी असते. सुकवण्यासाठी दुसऱ्यांदा तापवावे लागते : पाण्याचे तापमान टप्प्याटप्प्याने, बहुधा रोज 10 अंशांनी, वर नेतात, कमाल पातळीवर ओल जाईपर्यंत थांबतात आणि तसेच पायरीपायरीने खाली आणतात. खिडक्या उघडून ओलसर हवा बाहेर काढणेही त्यातच आले. कोबा पुरेसा सुकला का, याचा अंदाज घ्यायला पॉलिथिनचा साधारण अर्धा मीटर चौरस तुकडा चारही कडांनी चिकटवून ठेवतात. त्याच्या खालच्या बाजूला दव धरले, तर तापवणे चालू ठेवायचे.

ओल मोजणे : अंदाज पुरत नाही. जर्मनीत कार्बाइड पद्धत चालते. कोब्याच्या खालच्या थरातून नमुना छिन्नीने काढून, कुटून, तोलून (सिमेंटचा असेल तर साधारण 50 ग्रॅम, जिप्समचा 100) पोलादी बाटलीत घालतात. सोबत पोलादी गोळ्या आणि कॅल्शियम कार्बाइडची काचेची कुपी. बाटली हलवली की कुपी फुटते, ओलीशी कार्बाइडची क्रिया होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि दाबमापक ओलीचे प्रमाण सांगतो. तापत्या सिमेंट-कोब्याला 1.8 टक्के ही मर्यादा आहे. जिप्समच्या कोब्याला आता 0.5 टक्के धरतात, पूर्वी 0.3 हा अधिक कडक आकडा वापरला जाई. ब्रिटनमध्ये कोब्यावर ठेवलेल्या पेटीतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता मोजतात आणि ती 75 टक्के किंवा त्याहून कमी लागते. नमुना काढताना छिन्नी नळीवर पडू नये म्हणून कोबा ओतायच्या आधीच, जिथे 10 सेंमीच्या परिघात नळी नाही, अशा जागा खुणा करून राखून ठेवाव्या लागतात. त्या राखल्या नसतील, तर मोजणारा नाइलाजाने वरवरचा नमुना घेतो आणि वरचा थर नेहमीच अधिक कोरडा असतो.

सिमेंटचा ओला कोबा फरशीखाली सुकत राहिला, तर तो आकसतो आणि फरशी आकसत नाही. सारा पट्टा मध्यभागी फुगल्यासारखा वाकतो, कडा खाली दबतात, भिंतीजवळचा सिलिकॉनचा सांधा फाटतो.

पृष्ठभाग : जिप्समच्या ओतीव कोब्यावर कमकुवत पापुद्रा धरतो. तो घासून, धूळ व्हॅक्यूमने ओढून काढावी लागते. त्यानंतर प्रायमर अनिवार्य आहे, कारण सिमेंटचे ॲडहेसिव्ह आणि जिप्सम ओलीत थेट भेटले, तर एट्रिंगाइट नावाचे स्फटिक वाढतात आणि फरशी अखंड पट्ट्याने सुटते. सपाटीसाठी 2 मीटरच्या पट्टीखाली 3 मिमीपेक्षा जास्त फट नको, असा ब्रिटिश नियम आहे. खड्डे ॲडहेसिव्हच्या जाड थराने भरणे हा आळस होय. त्यासाठी समपातळी करणारे मिश्रण आधीच ओतावे.

तडे आणि सांधे : तड्यावर आडव्या खाचा कापून त्यात लोखंडी पट्ट्या बसवतात, वरून राळ ओततात आणि ती ओली असतानाच कोरडी वाळू पसरतात. खाच नळीपर्यंत जाऊ न देणे हे या कामातले कौशल्य. हलण्यासाठी मुद्दाम ठेवलेला सांधा मात्र कधीही भरायचा नाही. तो फरशीतूनही तसाच वर न्यायचा, मग नक्षीची रांग बिघडली तरी चालेल. सिरॅमिक फरशीखाली एका पट्ट्याचे क्षेत्र साधारण 40 चौ. मीटर आणि बाजू 8 मीटर यापलीकडे जाऊ नये. शंका असेल तिथे कोबा आणि फरशी यांची हालचाल वेगळी करणारी प्लॅस्टिकची जाळीदार चटई अंथरतात. तिने ताण कमी होतो. सदोष कोबा मात्र तिच्यामुळे निर्दोष होत नाही.

ॲडहेसिव्ह ईएन 12004 मधील सी2 एस1 प्रतीचे घेतात : सी2 म्हणजे चौरस मिलिमीटरला किमान 1 न्यूटन पकड, एस1 म्हणजे 2.5 ते 5 मिमी वाकण्याची क्षमता. ते कोब्याला आणि फरशीच्या पाठीलाही लावतात. खाली राहिलेली हवेची पोकळी नुसती कमजोर नसते, ती उष्णताही अडवते.

जबाबदारी : नळ्या टाकणारा, कोबा ओतणारा आणि फरशी बसवणारा हे बहुधा तीन वेगळे ठेकेदार असतात. दोष उघडा पडतो तो शेवटच्याच्या कामात. म्हणून जर्मनीतील बांधकाम-कंत्राटांच्या प्रमाण अटी (व्हीओबी, भाग ब) सांगतात की, आधीच्याच्या कामाबद्दल शंका असेल तर ठेकेदाराने ती विनाविलंब, शक्यतो काम सुरू करण्यापूर्वीच, लेखी कळवावी. तापवण्याची नोंद आणि ओलीचा आकडा हातात नसताना फरशी लावणारा पुढचा वाद आपल्या अंगावर घेतो.

फरशी लावताना यंत्रणा बंद किंवा अगदी मंद, कोबा साधारण 15 अंशांवर ठेवतात. ग्राउट भरल्यावर ॲडहेसिव्ह-उत्पादकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत तापवायचे नाही. मग तापमान रोज सुमारे 5 अंशांनी वाढवतात. नित्य वापरात राहत्या भागातल्या फरशीचे तापमान 29 अंशांवर आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात 35 अंशांवर जाऊ न देण्याची काळजी यंत्रणेच्या आराखड्यातच घेतलेली असते.