कोंकणच्या बंदरांतील ताजिक

बोरीवली स्टेशनाच्या पश्चिमेस एकसर नांवाचें गांव आहे. तेथील वीरगळांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. वल्ह्यांच्या लांब रांगा आणि गलबतांत दाटीनें उभे असलेले योद्धे त्यांत दिसतात. आगगाडीनें रोज मुंबईस जाणाऱ्या-येणाऱ्या मंडळींपैकीं फारच थोड्यांचें तिकडे लक्ष जातें. परंतु ठाणें, सोपारें, चेऊल, संजाण या बंदरांवर ज्यांचा अंमल चाले, त्या राजांचें दैव शेतांत जितकें होतें तितकेंच समुद्रांतहि होतें, याची साक्ष हे दगड अद्यापि देत आहेत.

महाराष्ट्राची आणि इस्लामची पहिली गांठ केव्हां पडली असें विचारलें, तर बहुतेक सुशिक्षित माणसें अल्लाउद्दीन खिलजीच्या इ. स. १२९६ मधील देवगिरीवरील स्वारीचें नांव घेतील. हें उत्तर जवळजवळ चार शतकांनीं अपुरें आहे. त्या स्वारीपूर्वीं ३७० वर्षें उत्तर कोंकणांतील एका मंडलाचा कारभार एक अरब अधिकारी पाहत होता, आणि त्यास तें मंडल दिलें होतें मान्यखेटच्या राष्ट्रकूट सम्राटानें! हें कसें घडलें तें समजण्यासाठीं थोडा वेळ वाळवंटांत जाणें भाग आहे.

वाळवंटांतील व्यापार हा एकट्यादुकट्याचा धंदा नव्हे. उंटांचे तांडे, वाटाडे, विहिरींवरील हक्क, महिनोन्‌महिन्यांची उधारी हें सर्व सांभाळावें लागे. एकानें भांडवल द्यावें, दुसऱ्यानें माल घेऊन प्रवास करावा आणि नफा ठरल्याप्रमाणें वांटून घ्यावा, ही पद्धत अरबांत जुनीच होती. इस्लामनें तिला धर्मशास्त्राचा आधार दिला. एका बाजारांत केलेला करार दूरच्या दुसऱ्या बाजारांतील काजीहि मानूं लागला. म्हणून हा व्यापारी जेथें जाई तेथें स्थानिक राजापाशीं प्रथम एकच मागणें मागे: आमचे तंटे आमच्या माणसाकडून आमच्या कायद्यानें तुटावेत.

सहारा ओलांडून पश्चिम आफ्रिकेंतील घाना राज्यांत गेलेल्या तांड्यांना हें मिळालें. अल्‌-बक्री या स्पेनमधील अरब ग्रंथकारानें इ. स. १०६८ च्या सुमारास तेथील वर्णन लिहिलें आहे. राजा आपल्या पूर्वजांचा धर्म पाळणारा. पण त्याचा खजिनदार, दुभाषे व बहुतेक मंत्री मुसलमान. व्यापाऱ्यांचें नगर राजाच्या नगरापासून निराळें असून त्यांत बारा मशिदी होत्या. मिठाचें एक गाढवओझें राज्यांत आलें कीं राजा एक सोन्याचा दिनार घेई, आणि बाहेर गेलें कीं दोन घेई.

कोंकणांत वाळवंट नाहीं, पण तांडा येथेंहि आला. तो उंटावरून उतरून गलबतांत चढला, इतकेंच. बसरा, सिराफ आणि ओमान येथें जमिनीवरचा माल जहाजांत भरे व वारा अनुकूल झाला कीं निघे. वाऱ्याच्या त्या ऋतूस अरब ‘मौसिम’ म्हणत. मराठींतील ‘मोसम’ तोच. घोडे, खजूर व सुगंधी द्रव्यें इकडे येत. साग, मिरीं व कापड तिकडे जाई. सिराफमधील घरें सागवानाचीं होतीं, असें इस्तख्री लिहितो.

प्रारंभ मात्र गोड नव्हता. खलीफा उमर याच्या कारकीर्दींत, इ. स. ६३६ च्या सुमारास, अरबांचें एक आरमार ठाण्यावर चालून आलें होतें. खलीफालाच ती स्वारी आवडली नाहीं. माणसें समुद्रावर धोक्यांत घातल्याबद्दल त्यानें आपल्या सुभेदाराची कडक शब्दांत कानउघाडणी केली. पुढें दोन शतकांनीं सर्वच चित्र पालटलेलें दिसतें. इ. स. ८५१ मधील अरबी वृत्तांतांत राष्ट्रकूट राजास ‘बलहरा’, म्हणजे वल्लभराज, म्हटलें असून जगांतील चार थोर राजांत त्याची गणना केली आहे. अरबांवर इतकें प्रेम करणारा दुसरा राजा हिंदुस्थानांत नाहीं, असेंहि त्यांत सांगितलें आहे. या प्रेमांत जकातीचा व घोड्यांचा वांटा किती होता, तें चतुर वाचकानें ताडावें. उत्तरेचे प्रतिहार राष्ट्रकूटांचे वैरी होते आणि सिंधमधील अरबांचेहि होते, हेंहि विसरून चालणार नाहीं.

इ. स. ९१६ च्या सुमारास अल्‌-मसूदी हा बगदादचा प्रवासी चेऊलास उतरला. तेथें झंझ शिलाहाराचा अंमल होता. गांवांत सुमारें दहा हजार मुसलमान राहत होते. कांहीं सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले होते. पण याच भूमींत जन्मलेलेहि बरेच होते, आणि त्यांना ‘बयासिरा’ हें निराळें नांव पडलें होतें. त्यांच्या मुख्यास ‘हुनरमन’ म्हणत. तो मुसलमानच असे, त्यास नेमी मात्र हिंदु राजा. काजीची मागणी येथेंहि पुरी झाली होती ती अशी.

याहूनहि नवलाची गोष्ट डहाणूजवळील चिंचणी येथें १९५५ सालीं सांपडलेल्या ताम्रपटांत आहे. त्यांतील एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, तिसऱ्या इंद्राच्या वेळचा आहे. संजाणचें मंडल दुसऱ्या कृष्णानें ज्यास दिलें, त्याचें नांव मधुमति. तो ‘ताजिक’, म्हणजे अरब, होता. मधुमति हें ‘मुहम्मद’चें संस्कृत रूप होय. त्यानें किनाऱ्यावरील बंदरांचे नायक जिंकून तेथें आपले अधिकारी बसविले. दोन नद्यांवर फुकट तर चालू केली, आणि संजाणांत अन्नसत्र घातलें. तेथें वाटसरूंना भात, कालवण व तूप मिळे. त्याच्या मंत्र्याचें नांव पुव्वय्य. या मंत्र्याचा मित्र अण्णय्य नांवाचा ब्राह्मण होता. त्यानें भगवतीच्या देवळापाशीं एक मठिका बांधली, आणि तिच्या खर्चासाठीं मधुमतीनें सम्राटाच्या अनुमतीनें कानाडुक हें गांव दिलें.

यास धर्मांतर म्हणतां येणार नाहीं, आणि भोळें औदार्यहि म्हणतां येणार नाहीं. ज्याच्या मुलखांतून जकात गोळा करावयाची, त्याची देवी सांभाळणें हें कारभाऱ्याचें काम होतें, आणि संजाणच्या अरबानें तें नीट केलें. गोव्याच्या कदंबांनीं अकराव्या शतकांत उलट बाजूनें तेंच केलें. संकटांत आपल्या पूर्वजाच्या उपयोगीं पडलेल्या एका ताजिक घराण्यांतील पुरुषास पहिल्या जयकेशीनें अधिकार दिला, व मशिदीच्या खर्चासाठीं बंदरांत येणाऱ्या गलबतांवर कर बसवून दिला.

ही व्यवस्था सर्वकाळ अशीच राहिली नाहीं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो लिहितो कीं, ठाण्याच्या राजानें चांचे लोकांशीं संगनमत केलें होतें: लुटींतील घोडे राजाचे, बाकी सर्व माल चांच्यांचा. ज्या घोड्यासाठीं एकेकाळीं व्यापाऱ्यास संरक्षण मिळे, त्याच घोड्यासाठीं आतां त्याचें गलबत लुटलें जाऊं लागलें.

संजाणची मठिका मात्र मधुमतीमागून टिकली. चिंचणीचाच दुसरा एक पट शके ९५६ चा, म्हणजे इ. स. १०३४ चा, आहे. त्या वेळीं राष्ट्रकूट जाऊन शिलाहारांचें राज्य आलें होतें, आणि संजाणांत त्यांचा मांडलिक चामुंडराज होता. त्यानें त्याच मठिकेस एक तेलाचा घाणा लावून दिला. देवीपुढील दिवा त्या तेलावर जळावा आणि तेथें येणाऱ्या ब्राह्मण पाहुण्यांच्या पायांसहि त्यांतूनच तेल लावावें, असें त्या पटांत लिहिलें आहे.