'कोर्स आउटकम' म्हणजे काय? नोकरी शोधताना त्याचा उपयोग कसा करायचा?

कॉलेजच्या प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमात 'कोर्स आउटकम' असा भाग असतो. विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, ते त्यात दिलेलं असतं. बहुतेक पोरं तो वाचतच नाहीत. मग मुलाखतीत 'काय येतं?' विचारलं की 'बीएस्सी झालंय' एवढंच सांगतात.

देवळा तालुक्यातलंच बघा. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन शिकवतात. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब काढायला तेच लागतं. मृदा आरोग्य पत्रिकेत एकूण 12 घटक असतात. त्यातला सामू मोजायचं पीएच मीटरही कॉलेजात हाताळलेलं असतं. पण हे काम आपल्याला येतं, हे पोराच्या ध्यानातच येत नाही.

बीकॉमवाल्यांना उमराणे बाजार समिती जवळच. कांद्याचा लिलाव झाला की व्यापाऱ्याच्या गाळ्यावर वजन आणि भाव धरून शेतकऱ्याची हिशोबपट्टी करायची, मग रोजकीर्द आणि खतावणी. पुस्तकातली 'जर्नल एंट्री' ती हीच.

2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. 4 क्रेडिटचं ट्रेनिंग म्हणजे 120 तास. ओळखीच्या दुकानातून नुसता सही-शिक्का आणला तर ते वाया जातात.

अभ्यासक्रमाची पीडीएफ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वेबसाइटवर मिळते. त्यातला आउटकम वाचून बायोडेटात कामाच्या भाषेत लिहावा: 'मातीचा सामू मोजता येतो', 'खतावणी करता येते'. मात्र हाताने केलेलंच लिहावं. मुलाखतीत करून दाखवायला सांगू शकतात.