मापात पाप, लाभात बरकत

फ्रान्समध्ये प्रोव्हँ नावाचे एक जुने गाव आहे. बाराव्या-तेराव्या शतकात तिथल्या जत्रांना युरोपभरचे व्यापारी येत. २००१ पासून हे गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथे उन्हाळ्यात मध्ययुगीन बाजार सजवला जातो. लोक झगे-चिलखते घालतात आणि शनिवार-रविवार मजेत घालवून घरी जातात. आपल्याकडे सुटीच्या दिवशी माणसे रायगडावर जातात. बाजारपेठेच्या जोत्यांमधून हिंडताना, गिऱ्हाईक इथे घोड्यावर बसूनच खरेदी करी, ही दंतकथा ऐकतात. जोती उरली, बाजार मात्र उठला.

न उठलेला बाजार पाहायचा असेल तर आठवडी बाजारात जावे. दोन दिवसांची सवड काढून मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याला गेलो होतो. गडचिरोलीहून छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. बाजारात प्लास्टिकच्या बादल्या होत्या, मोबाइलची कव्हरे होती. पण त्यांच्या पलीकडे जमिनीवर फडके पसरून मोहफुले, चारोळी, बांबूची सुपे आणि सुकी मासळी मांडलेली होती. भाजीचे वाटे लावलेले होते. एक म्हातारबा पायलीने धान मोजत होते. पहिली पायली ओतताना ते ‘एक’ म्हणाले नाहीत, ‘लाभ’ म्हणाले. मग दोन, तीन, चार.

मला माझी दादी आठवली. ती धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘बरकत’ म्हणायची. एकाचा लाभ, दुसऱ्याची बरकत. धान्य तेच आणि सदिच्छाही तीच. बाजार हा शब्द फारसी, तराजूही फारसी. वजन, किंमत, नफा, दलाल, हिशेब हे अरबीतून आलेले. माप आणि गिऱ्हाईक संस्कृतच्या घरचे. शेकडो वर्षे माणसे एकमेकांसमोर बसून घासाघीस करीत राहिली, त्यातून ही भाषा घडली. कुणा पंडिताने किंवा मौलवीने ती ठरवून घडवली नाही.

जुना बाजार वाटतो तितका मोकळाढाकळा नव्हता. नवी पेठ वसवायची तर राज्यकर्ता कौल देई, काही वर्षे करात सूट देई, तेव्हा व्यापारी येत. पेठेवर शेटे-महाजन हे वतनदार असत. विकायला आणलेल्या मालातून मूठभर हक्क म्हणून उचलला जाई, त्याला फसकी म्हणत. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, असा हिशेब देशावर चाले. पण दुसऱ्या मुलखात गेले की पायलीचे पोट बदले. त्यामुळे माप कोणाच्या हातात आहे, याला फार महत्त्व होते. दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीने बाजाराचे भाव बांधून दिले होते. वजनात मारणाऱ्या दुकानदाराच्या अंगाचे तितके मांस कापून काढत, असे झियाउद्दीन बरनीने लिहून ठेवले आहे. शिक्षा क्रूर, पण गुन्हा किती जुना ते कळते. कुराणात माप मारणाऱ्यांच्या नावाचीच एक सूरा आहे, आणि मराठीत ‘मापात पाप’ असे दोन शब्दांत सांगून मोकळे होतात.

हा सारा मुलूख चांद्याच्या गोंड राजांचा. १७५१ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. इथल्या वैरागडला हिऱ्यांची खाण असल्याची नोंद अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. पण गंमत बघा, ज्या मुलखात हिरा निघे तिथे मीठ मात्र पिकत नव्हते. ते समुद्राकडून बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून येई. हिऱ्याशिवाय माणसाचे काही अडत नाही, मिठाशिवाय अडते. मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात अगदी विसाव्या शतकातही व्यापारी मापाला माप मीठ देऊन आदिवासींकडून चारोळी नेत. मापटे दोन्ही वेळा काठोकाठ भरलेले असे. त्यात खोट काढता येत नव्हती, आणि तरीही ती लूट होती, कारण भाव एकाच बाजूला ठाऊक होता.

१९५६ च्या कायद्याने आणि १९५८ पासून आलेल्या मेट्रिक वजनांनी किलो सगळीकडे सारखा केला. भाव सांगण्याचा अधिकार मात्र किलोबरोबर आला नाही. त्यासाठी अर्धे शतक जावे लागले. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तोपर्यंत आपल्याच रानातला बांबू विकणे गावाच्या हातात नव्हते. आता सौद्याच्या वेळी व्यापाऱ्यासमोर गाव बसते. माझ्या मते या भागातल्या बाजाराच्या इतिहासात ही घटना वैरागडच्या हिऱ्यांहून मोठी आहे.

तेव्हा सुटीत कुठल्याही आठवडी बाजारात गेलात, तर जुनेपणा शोधायला पागोटी आणि मातीची मडकी पाहत बसू नका. दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्याकडे बघा. त्याचा आकडा कोणाकडे तोंड करून आहे, आणि चारोळी घेऊन आलेल्या बाईला तो दिसतो का, एवढे बघा.